गोळी सुटल्यानंतरचा प्रसंग

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत ‘बॅटमन बियाँड’ ही अॅनिमेशन मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात पिकलेल्या वयाचा ब्रूस वेन एका अपहृत मुलीला सोडवायला जातो. झटापटीत त्याचे हृदय दगा देते, एक गुंड त्याला बडवू लागतो आणि जीव वाचवण्यासाठी तो हाताशी आलेले पिस्तूल उचलून त्या गुंडावर रोखतो. गोळी सुटत नाही. गुंड घाबरून पळतो, मुलगी सुखरूप सुटते. नेहमीच्या हिशेबाने नायक जिंकलेला असतो. तरी तो हातातल्या पिस्तुलाकडे पाहून हबकतो, गुहेत परततो आणि बॅटमनचा पोशाख कायमचा उतरवून ठेवतो, कारण त्याच्या आईवडिलांचा जीव अशाच एका पिस्तुलाने घेतलेला असतो. एकही गोळी न झाडता बंदुकीबद्दल इतके बोलून जाणारा दुसरा प्रसंग मुलांच्या सुपरहिरो-कथांत मला माहीत नाही. त्याचे बळ कशात आहे? पिस्तूल रोखण्याचा क्षण जेमतेम काही सेकंदांचा आहे; त्याचा परिणाम मात्र त्या माणसाला पुढे वीस वर्षे पुरतो.

मुलांसाठीच्या अॅनिमेशनची पटकथा हा माझ्या अभ्यासाचा आणि शिकवण्याचा विषय. त्या अनुभवावरून या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. कार्टूनमध्ये बंदूक दिसावी की दिसू नये, यावर आपण फार वाद घालतो. तो वाद मला दुय्यम वाटतो. बंदूक दिसल्यावर कथा कुठे जाते, जखमी माणसाच्या मागे जाते की पुढच्या पाठलागाच्या मागे, यावर सगळे ठरते. सुपरहिरोंच्या ज्या थोड्या मालिकांनी हा विषय नीट हाताळला, त्यांनी गोळी सुटल्यानंतरचा प्रसंग लिहिला. बाकीच्यांनी, त्यात आपल्याकडच्या जवळपास सगळ्याच आल्या, तो गाळला. आणि गंमत म्हणजे तो गाळायला त्यांना भाग पाडले ते मुलांच्या भल्यासाठी केलेल्या नियमांनी.

नियमांचा हा इतिहास मजेदार आहे. १९८५ च्या सुमारास गाजलेल्या ‘जी. आय. जो’मध्ये अख्खी सैन्ये एकमेकांवर तुटून पडायची, पण गोळ्यांऐवजी लाल-निळे लेझर सुटायचे आणि विमान पडले की वैमानिक हवाई छत्रीने हमखास खाली उतरायचा. १९९४ च्या ‘स्पायडरमॅन’ मालिकेतही खऱ्या पिस्तुलांच्या जागी अशाच किरणांच्या बंदुका आल्या. हेतू चांगला होता: मुलांना रक्त दिसू नये. प्रत्यक्षात रक्तच तेवढे गेले, युद्ध जसेच्या तसे राहिले. आपल्याकडे १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालची कार्यक्रम संहिताही हेच सांगते, की मुलांच्या कार्यक्रमांत अभद्र भाषा आणि हिंसेची उघड दृश्ये नसावीत. वाहिनीवरचा माणूस याचा सोपा अर्थ लावतो: ठोसा चालेल, टेंगूळ चालेल, डोक्याभोवती फिरणाऱ्या चांदण्या चालतील, टाके घातलेला पाय चालणार नाही. म्हणजे घाव चालतो, जखम चालत नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९७ या काळात झालेल्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी हिंसा अभ्यासात पहिल्याच वर्षी आढळले, की हिंसेच्या ७३ टक्के प्रसंगांत करणाऱ्याला त्या प्रसंगात शिक्षा होतच नाही आणि हिंसा असलेल्या कार्यक्रमांपैकी जेमतेम ४ टक्के कार्यक्रमांचा रोख हिंसेविरुद्ध असतो. हे आकडे सर्व वयोगटांच्या कार्यक्रमांचे आहेत. पण कार्टूनच्या बाबतीत चित्र याहून बरे असेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

याच काळात दोन मालिकांनी वेगळी वाट धरली. पहिली ‘गार्गॉइल्स’. रात्री जिवंत होणाऱ्या दगडी रक्षकांची ही डिस्नेची मालिका. १९९४ मधल्या तिच्या ‘डेडली फोर्स’ या भागात ब्रॉडवे नावाचा भोळा, खादाड रक्षक काउबॉयचा सिनेमा पाहून येतो. त्याची मैत्रीण एलायझा पोलीस अधिकारी आहे. तिच्या घरी तिचे पिस्तूल त्याच्या हाती लागते, तो सिनेमातल्यासारखा खेळतो, चाप ओढला जातो आणि एलायझा रक्ताच्या थारोळ्यात कोसळते. पुढचा भागभर ती दवाखान्यात मरणाच्या दारात असते आणि तिचा घात कोणी केला याचा शोध घेत बाकीचे भलत्याच गुन्हेगाराच्या मागे लागतात. म्हणजे सुपरहिरोची नेहमीची कथा, खलनायक शोधा आणि ठेचा, चालू राहते. फक्त ती चुकीच्या दिशेने चाललेली असते, कारण इथे खलनायकच नाही. शेवटी एलायझा ब्रॉडवेला माफ करते आणि पिस्तूल उघड्यावर ठेवण्याची चूक आपली होती हेही कबूल करते. या भागाचे पुनःप्रक्षेपण पुढे काही काळ थांबवले गेले आणि नंतर रक्ताचे दृश्य कापून तो दाखवला गेला. ज्या दृश्यामुळे त्या भागाला अर्थ होता, नेमके तेच कात्रीत सापडले. पण लेखकांनी एक काम पक्के करून ठेवले होते. त्यानंतरच्या भागांत ब्रॉडवेच्या हाती कुणाचीही बंदूक लागली की तो ती चुरडून टाकतो. आठवड्याला नवे साहस आणि मागचे सगळे पुसलेले, या सवयीच्या माध्यमात एका पात्राला मागच्या हंगामातली गोळी आठवत राहते, हे धाडस लहान नाही.

दुसरी मालिका ‘स्टॅटिक शॉक’, आपल्याकडे फारशी चर्चेत न आलेली. ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये काढलेल्या माइलस्टोन कॉमिक्समधला व्हर्जिल हॉकिन्स हा कृष्णवर्णीय शाळकरी मुलगा तिचा नायक. व्हर्जिलची आई रुग्णवाहिकेवर काम करायची आणि दंगलीतल्या गोळीबारात तिचा जीव गेला, ही मालिकेची पार्श्वभूमीच आहे. पहिल्या भागात टोळीतला मुलगा व्हर्जिलच्या हातात पिस्तूल देतो आणि तो ते फेकून देतो. शक्ती त्याला त्यानंतर मिळते. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी नकार, मग ताकद. २००२ मध्ये आलेला ‘जिमी’ हा भाग मात्र मला या सगळ्या विषयाचा कळस वाटतो. कोलोराडोतल्या कोलंबाइन शाळेत १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. भागात जिमी नावाच्या अबोल मुलाला शाळेतला एक दांडगट रोज छळतो. जिमी वडिलांचे पिस्तूल शाळेत आणतो, त्याला आवरण्याच्या झटापटीत गोळी सुटते आणि व्हर्जिलचा जिवलग मित्र रिची याच्या पायात घुसते. ही सगळी हकीकत व्हर्जिल समुपदेशनाच्या बैठकीत इतर मुलांना सांगतो आहे, अशी रचना आहे. म्हणजे प्रेक्षक भाग पाहायला लागतो तेव्हाच काहीतरी घडून गेलेले असते आणि मुले त्याचा अर्थ लावत बसलेली असतात. गोळीनंतरचा प्रसंग इथे शेवटी येत नाही, तोच अख्ख्या कथेची चौकट आहे. या भागाला पुढे ह्युमॅनिटास पुरस्कार मिळाला.

या भागाचे कौतुक करणारे बहुधा त्याच्या संदेशाचे कौतुक करतात. मला त्यातली पटकथेची खेळी जास्त महत्त्वाची वाटते. व्हर्जिलची, म्हणजेच स्टॅटिकची, शक्ती कोणती? वीज आणि चुंबकत्व. लोखंडाची वस्तू दुरून खेचून घेणे हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. जगातल्या कुठल्याही सुपरहिरोपेक्षा त्याला पिस्तूल हिसकावणे सोपे आहे आणि इतर भागांत तो ते सर्रास करतो. तरीही लेखकांनी कथा अशी बांधली की निर्णायक क्षणी ही शक्ती रिचीला वाचवू शकत नाही. सुपरहिरो असूनही गोळी लागते, हे मान्य करायला त्या प्रकाराला केवढी किंमत मोजावी लागते, याचा विचार करा. मालिकेचा सगळा धंदाच ‘तो आला आणि वाचलो’ यावर चालतो. शिवाय उपाय जिथे शक्य होता ती जागाही कथा दाखवते: जिमीला रोज छळले जाते ते सगळे पाहत होते, आणि पिस्तूल घरात होते. दोन्ही ठिकाणी कामाला येतील अशी माणसे होती, वीज फेकणारी नव्हेत.

इथे जाणकार वाचक मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराची आठवण देईल. १९६१ पासूनच्या त्याच्या बोबो बाहुलीच्या प्रयोगांनी दाखवले, की मोठ्यांना बाहुली बडवताना पाहिलेली मुले तशीच बडवतात. १९६३ च्या प्रयोगात तर चित्रफीत आणि कार्टूनसारखे पात्र पाहूनही तेच झाले. मग परिणाम दाखवा नाहीतर नका दाखवू, गोळीबार पाहिलेले पोर तो उचलणारच, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर बांडुराच्याच १९६५ च्या प्रयोगात अर्धे सापडते. मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. पण बक्षीस देऊ केल्यावर तीच मुले सगळे हुबेहूब करून दाखवू शकली. म्हणजे शिक्षेने वागणे दबते, शिकलेले पुसले जात नाही. म्हणूनच ‘शेवटी खलनायक तुरुंगात गेला ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. शिक्षा पाहून मूल शिकते ते न सापडण्याचे महत्त्व. ‘जिमी’ काय किंवा ‘डेडली फोर्स’ काय, दोन्हींत परिणाम म्हणून दिसते ती शिक्षा नसून इजा आहे, तीही आवडत्या पात्राला झालेली. या दोहोंचा मुलांवर होणारा परिणाम वेगळा असतो, हा माझा निष्कर्ष आहे. बांडुराने तो मांडलेला नाही.

अलीकडचे दोन प्रयोग या निष्कर्षाला बळ देतात. २०१७ मध्ये केली डिलन आणि ब्रॅड बुशमन यांनी ८ ते १२ वर्षांच्या १०४ मुलांना सिनेमातले तुकडे दाखवले, काहींना बंदुका असलेले आणि काहींना बंदुका काढून टाकलेले. मग त्यांना एका खोलीत खेळायला सोडले. तिथल्या खणात निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवले होते. बंदुका पाहिलेल्या मुलांनी ते जास्त वेळ हाताळले आणि चापही कितीतरी जास्त वेळा ओढला. इथपर्यंत आक्षेप घेणाऱ्याची सरशी आहे. पण २०२३ मध्ये बुशमनने पुढचा प्रयोग केला: आठवडाभर आधी बंदुकीपासून सावध करणारी छोटी चित्रफीत पाहिलेल्या मुलांपैकी, पिस्तूल सापडताच मोठ्यांना सांगणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट निघाले. पडद्यामुळे हात पिस्तुलाकडे जातो आणि पडद्यामुळेच तो मागेही येतो. मग बंदूक नुसती झाकून ठेवणाऱ्या नियमाने आपण पहिल्या परिणामापासून थोडे वाचतो आणि दुसरा सोडून देतो.

आता आपल्या अंगणात येऊ. मराठी मुलाच्या सर्वांत जवळचा अॅनिमेशनमधला वर्दीधारी नायक म्हणजे ‘लिटल सिंघम’. एप्रिल २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर आलेला, रोहित शेट्टीच्या संस्थेने रिलायन्स अॅनिमेशनबरोबर काढलेला. मिर्ची नगरचा हा चिमुकला पोलीस सिंहाच्या बळाने गुंडांना लोळवतो. त्याचे मुख्य हत्यार त्याचे हात. बंदूक टाळली, चांगलेच केले, असे कुणीही म्हणेल. पण हा मुलगा कुणाचा वारस आहे ते पाहा. २०११ च्या ‘सिंघम’ची सुरुवात एका प्रामाणिक निरीक्षकाने सर्व्हिस रिव्हॉल्व्हरने केलेल्या आत्महत्येने होते आणि शेवट पोलिसांनी मिळून खलनायक जयकांत शिक्रेला गोळी घालून केलेल्या बनावाने. मुलांच्या आवृत्तीत दोन्ही गोळ्या गेल्या आणि वर्दी राहिली. वर्दीवाल्याला कुणी प्रश्न विचारत नाही, हा मूळ चित्रपटाचा खरा गाभाही तसाच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये अशा चित्रपटांतून घातक संदेश जातो असे जाहीरपणे म्हटले, ते या गाभ्याबद्दल. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेतल्या बालिका अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मेला तेव्हा मुंबईत बंदूकधारी नेत्याच्या चित्राचे फलक लागले. त्या फलकांना कार्टून जबाबदार आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण फलकावरचे चित्र कुणालाही समजावून सांगावे लागले नाही, एवढे खरे. गोळी सुटली, विषय संपला, ही कथा सगळ्यांना पाठ होती. न्यायालयाने त्या चकमकीबद्दल विचारलेले प्रश्न मात्र फलकावर मावण्याजोगे नव्हते.

‘हा सगळा अमेरिकेचा रोग, वऱ्हाडात बंदुका आहेत कुठे?’ हा आक्षेप मला अमरावती-अकोल्यात सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. इथल्या घराच्या कपाटात वडिलांचे पिस्तूल नसते. शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालच्या कुणाला अग्निशस्त्र बाळगता येत नाही, परवानाधारकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि आपल्याकडच्या मारामाऱ्यांत गोळीपेक्षा चाकू-गुप्तीच जास्त निघते. पण मेळघाटातला धारणी तालुका मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहे आणि सीमेपलीकडची पाचोरी, उमर्टी ही गावे गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत सतत येत असतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकींची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा तपासाचा एक धागा थेट अकोट तालुक्यात पोचला. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या फेसबुक लाइव्ह सुरू असताना. ज्या पोरांच्या हाती मोबाइल आहे त्यांच्यासाठी ही घटना बातमी नव्हती, चित्रफीत होती. तेव्हा मुलांच्या नजरेस बंदूक पडू नये म्हणून कार्टूनमध्ये ती झाकणारा नियम आज कुणाचे रक्षण करतो आहे? मुलांना गोळी सुटताना दिसतेच. न दिसणारी गोष्ट तिच्यानंतरची.

उसनी कथा मात्र चालणार नाही. ‘जिमी’ जसाच्या तसा अनुवादित करून दाखवला तर परतवाड्याच्या मुलाला तो परदेशी गोष्टच वाटेल, कारण इथे शस्त्राचा प्रवास वेगळा आहे. ते घरातल्या खणातून येत नाही. कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीतून, कुणाच्या तरी ‘भाऊ’कडून, ‘दोन दिवस ठेव’ म्हणून येते आणि आधी रीलमध्ये मिरवते. म्हणून इथल्या पटकथेला विचारावा लागेल तो प्रश्न: ठेवायला दिले कोणी, आणि ठेवून का घेतले? गावठी कट्टा कधी कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो, ही वस्तुस्थिती कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त बोलकी आहे. मग कथेने अमरावतीत इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात जावे, तिथल्या बाकावर बसलेली आई दाखवावी, आणि बाल न्याय मंडळासमोर नाव-गाव-वय सांगणारा मुलगा दाखवावा. सुपरहिरो असू द्यावा, त्याने उडावेही. फक्त या तीन ठिकाणी त्याच्या उडण्याचा उपयोग होऊ नये.

यावर लेखकमित्रांचा आक्षेप असतो: सुपरहिरो हा प्रकारच बळाचा आहे, तुम्ही त्याला प्रवचनकार करायला निघालात. बळाची कथा बळाविरुद्ध बोलली की ढोंगी होते, हा त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्या ‘शक्तिमान’मध्ये आहे. १९९७ पासून दूरदर्शनवर चाललेल्या त्या मालिकेत भाग संपल्यावर नायक मुलांना चांगल्या सवयींचे चार शब्द सांगायचा. ते शब्द कथेबाहेर होते; भागभर मारामारी आणि शेवटी बोध, देवळातल्या प्रसादासारखा. ‘स्टॅटिक शॉक’मध्ये वेगळा बोध जोडावाच लागला नाही, कारण नायक हरला होता. ढोंग टाळायचे तर उपदेश कमी करून भागत नाही, नायकाला हरवावे लागते. आणि ते आपल्या निर्मात्यांना सर्वांत अवघड जाते. पोलीस, देव किंवा महाबली हरला तर खेळणी, दप्तरे, डबे कुणाच्या चित्राचे विकायचे?

दिवाळीच्या तोंडावर टिकल्यांच्या पिस्तुलाबद्दल मला हमखास विचारले जाते. ते मुलांच्या हातून काढून घ्यावे, असे मला वाटत नाही. ज्या खेळात मेलेला गडी लगेच उठून ‘आता माझी पाळी’ म्हणतो, तो खेळ आहे हे मुलांना पक्के ठाऊक असते. माझी तक्रार पडद्याशी आहे, जिथे गडी उठत नाही आणि तो उठला नाही हेही कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या अनेक मालिकांचे भाग अकरा-बारा मिनिटांचे असतात, कुठलाही भाग कुठल्याही क्रमाने दाखवता यावा अशी वाहिनीची अट असते, आणि या अटीत कालची जखम आज असूच शकत नाही. तेव्हा हा विषय हाताळायची खरोखर इच्छा असलेल्या निर्मात्याने पहिली मागणी आशयाची करू नये, वेळापत्रकाची करावी: सलग दाखवायचे निदान तीन भाग, आणि तिसऱ्या भागातही पहिल्यातला मुलगा लंगडत चाललेला.